कोणी हात लावायचा नाही

गप्प बसण्यात ज्योतिष्याचा फायदा किती होता ते आधीच मांडून टाकलेलं बरं; मागाहून माणसं गळा भरून आणतात आणि हिशेब राहून जातो. त्याच्या निवृत्तीला तीन वर्षं चार महिने उरले होते. तेवढा काळ पॅनेलसमोरची खुर्ची त्याचीच राहिली असती; उजव्या हाताखालचं रेक्झिन फाटून आतला पिवळा स्पंज बाहेर आलेली, पण त्याच्या पाठीला इतकी सरावलेली की दुसरा कोणी बसला की करकरून तक्रार करायची. चार पाळ्यांचे चार पॅनेलवाले चारच राहिले असते. ‘चौघांचं काम एक जण चहा पीत पीत करील’ हे साहेबांचं लाडकं वाक्य साहेबांना गिळावं लागलं असतं, आणि ते गिळताना साहेबांचा चेहरा कसा होतो ते बघायला मिळालं असतं. ही शेवटची बाब ज्योतिषी कोणासमोर कबूल करणार नाही, पण सगळ्यांत वजनदार तीच होती. खर्चाच्या बाजूला त्या सकाळी त्याला दोन खराब गुंडाळ्या दिसत होत्या. दोन गुंडाळ्या भंगारात जातील, एक लाल शेरा पडेल, विषय संपेल. सत्तावीस वर्षं जो माणूस वीस मिनिटं पुढचं बघून पोट भरत आला, त्याला त्या दिवशी दोन गुंडाळ्यांपलीकडचं काही दिसलं नाही.

ज्योतिषी हे अर्थात त्याचं नाव नव्हे, धंद्याने चिकटलेलं बिरूद. पोलादाची पट्टी लाटून पातळ केली की कडक होते, वाकवायला गेलं तर तडकते. म्हणून तिला भट्टीतून न्यायची, तापवून मऊ करायची. एका गुंडाळीचं शेपूट दुसरीच्या डोक्याला जोडायचं आणि ती न संपणारी पट्टी भट्टीत रोलरांवरून वर-खाली, वर-खाली धावत राहते. तिला थांबणं माहीत नाही. पट्टी दर गुंडाळीला बदलते, कधी कागदासारखी पातळ, कधी जाड, कधी रुंद. भट्टी मात्र बदलायला तयार नसते. तिच्या भिंतींना आत्ता सांगितलेलं वीस मिनिटांनी ऐकू येतं. जाड पट्टी आत शिरल्यावर आग वाढवली तर ती आग मिळते तिच्यानंतरच्या पातळ पट्टीला, आणि ती जळून निघते. तेव्हा पॅनेलवर बसणाऱ्याने पट्टी यायच्या आधीच आग कमी-जास्त करायची, आणि ती नक्की किती ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. ते ज्याला येतं तो ज्योतिषी. इतर पाळ्यांचे पॅनेलवालेही ते करायचे, पण शेजारच्या पाळीची गुंडाळी बिघडली की तिचा साहेब ह्याच्याच घरी फोन करून विचारायचा, आणि हा तोंडात घास असताना सांगायचा, ‘चौथ्या भागात आठ अंश उतरवा आणि वेगाला हात लावू नका.’ फोन ठेवला की बायको म्हणायची, “त्यांना आठ अंश सांगता, इथे दूध उतू जातं ते दिसत नाही.”

धक्का तसा लहानच होता. सकाळी साडेनऊची बैठक, पडदे ओढलेली खोली, भिंतीवर एकामागून एक सरकणारी पानं. संगणक आता भट्टी चालवणार होता. पुढची पट्टी कोणती, भिंती किती तापलेल्या, वेग किती, ह्यावरून पट्टीचं तापमान पुढे किती होईल ते आधीच काढायचं आणि त्याप्रमाणे आग राखायची. म्हणजे ज्योतिष्याचाच धंदा, फक्त घास तोंडात नसताना. दहा वाजता त्याची चाचणी सुरू व्हायची होती. अकराव्या पानावर एक तक्ता होता: कशाकशामुळे तापमान डळमळतं. गॅसचा दाब. पट्टीवरचं तेल. आणि तिसऱ्या ओळीत: ‘पॅनेलचालकाचे हस्तक्षेप. गोंगाट. नोंदींतून गाळले.’ साहेबांनी बिस्कीट चहात बुडवलं, ते मोडून आत पडलं, साहेब चमच्याने त्याचा शोध घेऊ लागले. पान बदललं. ज्योतिष्याच्या जिभेखाली लोखंडाची चव आली. राग आला की त्याला लहानपणापासून आधी ती चव येते, मग राग. त्याने पुन्हा तिसरी ओळ वाचायला वर बघितलं तर तिथे बारावं पान होतं आणि त्यावर एक निळी रेघ शहाण्यासारखी सरळ चालली होती. ह्या इमारतीत गाळलं जाणं त्याला नवीन नव्हतं. भट्टी पहिल्यांदा पेटली त्या दिवशीचा मोठा फोटो खालच्या बोळात टांगलेला आहे. त्यात टोप्या घातलेले अकरा साहेब हसताहेत आणि उजव्या कडेला एक कोपर आहे. ते कोपर त्याचं. सत्तावीस वर्षं तो त्या कोपराला ओलांडून डबा खायला जातो, आणि नव्या लोकांना स्वतःच हसून दाखवतो, की बघा, मीही आहे. हसून दाखवलेल्या गोष्टी पोटात किती जागा अडवतात ते त्या खोलीत त्याच्या लक्षात आलं. कोपरामागचा माणूस फोटोवाल्याने कापला होता, त्याच्याशी ह्याची ओळखही नव्हती. तिसरी ओळ मात्र गणितवालीने लिहिली होती, आणि गणितवाली आठ महिने त्याच्या शेजारी स्टुलावर बसली होती.

तिला कारखान्यात सगळे मॅडम म्हणायचे आणि ती नसताना गणितवाली. वय सत्तावीस, म्हणजे ही भट्टी आणि ती एकाच वर्षातल्या, असं तो म्हणाला तेव्हा ती म्हणाली होती, “पण काका, मी तिच्याहून लवकर तापते.” पहिल्याच आठवड्यात तिने त्याला काका केलं आणि त्यानेही करू दिलं. ती विचारायची, तो सांगायचा, ती लिहून घ्यायची. तिच्या वहीत भट्टीचे नऊ भाग नऊ चौकोनांसारखे होते आणि प्रत्येकात त्याचीच वाक्यं. “इथे तुम्ही तीन मिनिटं थांबलात. का?” “उगाच.” “उगाच कोणी तीन मिनिटं थांबतं का? दोन थांबतं, नाहीतर पाच.” मग तो विचार करायचा आणि त्याला स्वतःलाच कळायचं की मागची पट्टी अरुंद होती, तिच्या दोन्ही कडांना भिंतीत आग साठून राहिलेली, ती निवायला तीन मिनिटं. हे त्याला येत होतं, पण माहीत नव्हतं. आपल्याला काय काय येतं हे पन्नाशीनंतर दुसऱ्याच्या वहीत वाचायला मिळावं ह्यात एक सुख होतं, आणि त्या सुखापायी त्याने आठ महिन्यांत सत्तावीस वर्षं उपसून तिच्यापुढे ठेवली. बायको म्हणाली होती, “आपलं आपण कोणी असं देऊन टाकतं का? उद्या ती म्हणेल, झालं, आता उठा.” तो म्हणाला, “तसली नाही ती.” बारावं पान, तेरावं पान. तसली नाही ती! त्याने मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत मारली.

सगळं दिलं होतं असं मात्र म्हणता येणार नाही. एक गोष्ट त्याने ठेवून घेतली होती. भट्टीच्या मागे दुसऱ्या माळ्यावर, पाण्याच्या कूलरशेजारी, एक करडी पेटी आहे. आत पट्टीचं तापमान दुरून बघणाऱ्या दुर्बिणीची चावी. वाटाण्याएवढी, खाचा पाडलेली; फिरवली की दुर्बीण सांगते तो आकडा वर-खाली होतो. अकरा वर्षांपूर्वी भट्टीची दुरुस्ती झाली तेव्हा दुर्बिणीची नळी जराशी तिरकी बसली. तेव्हापासून चकचकीत पातळ पट्टी आली की तिच्यावर पडलेला भट्टीतल्या तापलेल्या नळ्यांचा उजेडही दुर्बीण तापमानात धरायची आणि वीस अंश जास्त सांगायची. पडद्यावर तापमान बरोबर, पट्टी मात्र कच्ची. त्या वेळी पॅनेलवर ज्योतिष्याचा उस्ताद होता, बोलताना एक डोळा मिटणारा म्हातारा. त्याने तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर आलं, उपकरण प्रमाणित आहे. मग पडद्यावर वीस अंश जास्त ठेवून त्याने पट्टी नीट काढली, तर लेखी खुलासा मागितला गेला की मर्यादेबाहेर का गेलात. चौथा अर्ज उस्तादाने केला नाही. तो पाणी प्यायला गेला आणि चावी दोन खाचा खाली फिरवून आला. पातळ पट्टीला दोन खाली, बाकीच्यांना परत वर. पडदा खूश, पट्टी खूश, वरचे लोक खूश. “ह्यांना खरं नको असतं,” डोळा मिटून म्हातारा म्हणाला होता, “ह्यांना सरळ रेघ हवी असते. देऊन टाक.” तेव्हापासून पाळी बदलताना चौघे पॅनेलवाले एकमेकांना एवढंच सांगत, वर आहे की खाली. नोंदवहीत त्याचं एक अक्षर नाही. अकरा वर्षांचं तापमान त्या वहीत निष्कलंक आहे, आणि तीच वही गणितवालीने आपल्या संगणकाला घोकायला दिली होती.

तो तिला सांगणार होता. हे खरंच आहे, त्याच्या बाजूने ही एक ओळ मांडलीच पाहिजे. आदल्या सोमवारी त्याने तोंड उघडलंही होतं. पण सांगायचं म्हणजे चौघांनी अकरा वर्षं उपकरणाशी छेडछाड केली हे सांगायचं. आणि उस्ताद तर आता जगातच नव्हता, त्याचं नाव कोणत्या तोंडाने काढायचं? शिवाय, हे तो स्वतःलाही अर्ध्या आवाजातच सांगायचा, ती वाटाण्याएवढी चावी ही त्याच्याकडे उरलेली शेवटची गोष्ट होती. ती दिली की मग तो खुर्चीत का बसलाय ह्याचं उत्तर खुर्चीकडेही नव्हतं. तरी चाचणीच्या आधी सांगायचंच असं ठरवून तो त्या सकाळी घरून निघाला होता. बैठक संपली की तिला बाजूला घ्यायचं, म्हणायचं, पोरी, एक राहिलंय. बैठक संपली. साहेब उभे राहिले, मिशीला लागलेलं बिस्कीट पुसलं आणि म्हणाले, “दहा वाजल्यापासून कोणी कशालाही हात लावायचा नाही. ज्योतिषी, हे खास तुमच्यासाठी. तुमचे हात फार वळवळतात.” सगळे हसले. गणितवालीही हसली, वाईट नाही, घरातल्या माणसासारखी हसली. तेच त्याला लागलं. तो म्हणाला, “जसा हुकूम.”

त्या वेळी चावी दोन खाचा खाली होती. पहाटेपासून पातळ पट्टी चालू होती आणि त्यानेच ती खाली केली होती. सव्वाअकराला रुंद पट्टी येणार, गाड्यांच्या दारांसाठी लागते तशी, मऊ, अंगाने मोठी, सगळ्यांत जास्त तापवायची. तोवर चावी वर गेली नाही तर दुर्बीण वीस अंश कमी सांगणार आणि संगणक इमानदारीने वीस अंश जास्त ओतणार.

दहा वाजता सुरू झालं. पाच जण त्याच्या पाठीशी उभे, तो खुर्चीत, हात मांडीवर, शाळेच्या फोटोत ठेवतात तसे. पडद्यावर आकडे आपोआप हलू लागले आणि पहिल्या अर्ध्या तासातच त्याला कळलं की पोरीचं यंत्र चांगलं आहे. चांगलं म्हणजे त्याच्याइतकं. एका जोडावर तर त्याच्या मनात ‘आता उतरव’ आलं तेव्हा यंत्राने दोन मिनिटांपूर्वीच उतरवलेलं होतं. तिसऱ्या भागात ते तीन मिनिटं थांबलं. नेमकी तीन, दोन नाही, पाच नाही. ती त्याची तीन मिनिटं होती, त्याच्या तोंडून काढलेली, वहीत चौकोनात लिहिलेली, आणि आता ती कोणाचीच नव्हती. हस्तक्षेप गाळला म्हणे! हस्तक्षेप गाळला नव्हता, हस्तक्षेप करणारा गाळला होता, आणि त्याचा गर काढून घेतला होता. यंत्र वाईट असतं तर त्याला कीव आली असती. आली असती आणि तो उठून वर गेला असता. ते चांगलं होतं म्हणून त्याचा राग मांडीवरच्या हातांतून खाली पायांत उतरला आणि तिथे घट्ट झाला. पाठीमागे साहेब कोणाला तरी हलक्या आवाजात सांगत होते, “बघा, एक माणूस पुरे.” चहाचा वास, कोणाच्या तरी नव्या बुटांचा वास. काचेपलीकडे भट्टी नेहमीसारखी गुरगुरत होती. सत्तावीस वर्षांत तिला कधी कोणी विचारलं नाही की कोण चालवलेलं तुला आवडतं.

अकरा वाजून सहा मिनिटांनी पायच उठले. हे लिहिताना त्याला त्याचं श्रेय द्यायचं की नाही हा प्रश्न आहे. सत्तावीस वर्षांची सवय उठली की माणूस उठला, हे त्याचं त्याला सांगता यायचं नाही. पण तो उठला, दारापर्यंत गेला.

“कुठे?” साहेब.

“पाणी पिऊन येतो.”

“अहो बसा, बसा. इथेच मागवतो पाणी. आज तुम्ही पाहुणे.”

पाणी आलं. काचेच्या पेल्यात, बशीवर, वर झाकण ठेवून. त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. नुसतं ‘पेटी’ एवढा एक शब्द पुरला असता. गणितवाली त्याच्याकडे बघत होती, भुवई जराशी वर, ती काहीतरी विचारायच्या आधी करायची तशी. त्याने पाणी प्यायलं. सगळं, एका दमात. पेला बशीवर ठेवला, झाकणही नीट ठेवलं, आणि खुर्चीत बसला. मनात म्हणाला, मी तर निघालो होतो. ह्यांनीच बसवलं. हुकूम म्हणजे हुकूम. पुढे कित्येक दिवस हे वाक्य तो खिशातल्या रुमालासारखं काढून वापरणार होता.

सव्वाअकराला जोड आत शिरला. रुंद पट्टी. पडद्यावर तापमान जिथे हवं तिथे, निळी रेघ सरळ. साहेबांनी टाळी वाजवायला हात जवळ आणले. ज्योतिषी पडद्याकडे बघतच नव्हता. तो वरच्या कोपऱ्यातल्या लहान चित्राकडे बघत होता, भट्टीच्या आतल्या कॅमेऱ्याकडे, जिकडे कोणी बघत नाही. अकरा पंचवीसला त्या चित्रात पट्टीच्या मध्यावर एक बारीक लांबट सावली आली. मग शेजारी दुसरी. झोपून उठल्यावर चादरीवर असतात तशा चुण्या. मऊ झालेली पट्टी ओढ सोसेना, ती अंगातल्या अंगात घडी घालत होती. दोन गुंडाळ्या नव्हेत! त्याच्या उजव्या हाताला आधी कळलं. तो मांडीवरून उठला आणि लाल बटणाच्या वर हवेत उभा राहिला. आणि तिथे, हवेत, त्याच्या कानात साहेबांचा सकाळचा आवाज आला: तुमचे हात फार वळवळतात. त्याने मोजलं. एक, दोन, तीन. मुद्दाम मोजलं असं नाही, मोजत राहिला. सहा. सात. सातव्याला तळहात बटणावर आदळला आणि त्याच क्षणी काचेपलीकडून तो आवाज आला, भलंमोठं कापड एका झटक्यात फाडावं तसा, आणि भट्टीची गुरगुर थांबली. त्या खोलीत पहिल्यांदाच साहेबांच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू आलं.

गणितवाली पहिली बोलली. “कसं शक्य आहे? तापमान तर बरोबर आहे.” ती पडद्याला हात लावून बघत होती, ताप बघतात तसा.

भट्टीत पट्टी तुटली की तिला निवू द्यावं लागतं, मग माणसं आत उतरतात, चुरगळलेलं पोलाद कापून ओढून काढतात आणि नवी पट्टी रोलरांवरून हाताने ओवतात. हे काम फिटरांचं, आणि फिटरांचा पुढारी ज्योतिष्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. दाराच्या मापाचा माणूस, घामाने कायम चकाकणारा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तोंडाला फडकं बांधून आत उतरण्याआधी पॅनेलच्या खोलीत डोकावला. “काय भावोजी, तुमच्या संगणकाने तर पसारा मांडला. मी म्हटलं होतं, लग्नात मुलगी आणि भट्टी दुसऱ्याच्या हातात देताना चौकशी करावी.” ज्योतिषी म्हणाला, “जपून.” मेहुणा म्हणाला, “तुम्ही बसल्या जागेवरून जपून म्हणायचं, आम्ही आत जाऊन जपायचं, वाटणी जुनीच आहे.” तासाभराने वरच्या रोलरवर अडकलेला तुकडा कापताना तो सुटला, ताण साठलेली पट्टी एकदम सरळ झाली आणि मेहुण्याच्या डाव्या हाताची दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, रोलर आणि पट्टीच्या मध्ये राहिली. तो ओरडला नाही असं म्हणतात. बाहेर आला आणि म्हणाला, “कोणीतरी बसायला द्या.”

बायको इस्पितळाच्या बाकावर बसून राहिली. घरी येऊन तिने भांडी घासली, घासलेली परत घासली, आणि पाठमोरीच म्हणाली, “तुम्हाला सगळं आधी कळतं ना? सगळा कारखाना म्हणतो. मग हेच कसं कळलं नाही?” तो म्हणाला, “यंत्र होतं, मी नव्हतो.” ती म्हणाली, “तुम्ही तिथेच होता.” नळ चालू राहिला. त्याला तिचा राग आला, भयंकर आला, ज्याचं म्हणणं खरं असतं त्याचाच येतो तसा. आणि तिचा राग आला म्हणून स्वतःचा, आणि स्वतःचा टिकेना म्हणून पुन्हा साहेबांचा. राग त्या आठवड्यात असाच घरभर फिरत होता, बसायला खुर्ची शोधत.

चौकशी तीन दिवस चालली. करडी पेटी उघडली गेली तेव्हा तो जिन्याच्या खाली उभा होता आणि त्याने ठरवलं होतं की नाव पुकारलं की वर जायचं आणि सांगायचं. कोणी पुकारलं नाही. पेटी तपासणारा खाली येऊन म्हणाला, “ठीक आहे, चावी जागेवर आहे.” जागेवर? इतर पाळ्यांच्या तिघा पॅनेलवाल्यांना त्याने डोळ्यांनी विचारलं, तिघांनी नाही म्हणून माना हलवल्या. दुर्बीण निर्दोष, गॅस निर्दोष, भट्टी निर्दोष, राहिलं गणित. अहवालात लिहिलं गेलं की भाकीत चुकलं. त्याच पानावर एक परिच्छेद ज्योतिष्यावर होता: हात लावायचा नाही असा स्पष्ट आदेश असूनही प्रसंगावधान राखून चालकाने भट्टी थांबवली, अन्यथा हानी अधिक झाली असती. साहेबांनी हात मिळवला. “मी तर आधीपासून म्हणत होतो,” ते म्हणाले, “माणूस तो माणूस.” ते आधीपासून काय म्हणत होते ते त्यांना आठवत नव्हतं असं नाही, पण साहेब लोकांची स्मरणशक्ती नोकरीत असते, ती वेळेवर येते आणि वेळेवर जाते.

मेहुण्याच्या घरी तो रविवारी सकाळी गेला. मेहुणा खिडकीशी बसून उजव्या हाताने डाव्या हातावरची पट्टी सारखी करत होता. त्याची बायको चहा ठेवून आत गेली. ज्योतिष्याने चहा हातात धरून ठेवला आणि विचारलं, “पेटी कोणी सरळ केली?”

“कसली पेटी?” म्हणून मेहुणा आधी साळसूद झाला आणि मग त्यालाच हसू आलं. “अहो भावोजी, दुर्बिणीची काच दर महिन्याला पुसतो कोण? तुमच्या दोन खाचा मला पहिल्या वर्षापासून माहीत आहेत. आत उतरण्याआधी वर जाऊन आलो. म्हटलं, साहेब लोक टॉर्च घेऊन यायच्या आत घर झाडून घ्यावं.”

“मला विचारायचं होतंस.”

“विचारून? तुम्ही म्हणाला असतात, राहू दे, मी सांगतो. तुमचा तो स्वभाव. मग ताईला काय तोंड दाखवलं असतं मी?” त्याने पट्टीचं टोक दातांनी ओढून घट्ट केलं. “विसरलात, होतं असं. पाच माणसं मानेवर उभी असली की मीही पान्हा उलटा धरतो. तुम्ही काय मुद्दाम केलं असणार आहात?”

हा प्रश्न नव्हताच. तरी ज्योतिष्याला त्याचं उत्तर द्यावं लागलं. सातपर्यंत मोजलेले आकडे त्याच्या तोंडात एकामागून एक आले आणि परत गेले. “विसरलो,” तो म्हणाला.

“मग झालं तर. चहा घ्या, थंड होतोय. आणि हे बाहेर बोलू नका हं. चौकशीत ढवळाढवळ म्हणून मलाच धरतील. आता कुठे बसल्या जागेचं काम देतो म्हणालेत.” मेहुणा हसला. “तुमच्यासारखं.”

तोंडाला कुलूप लावणारे खूप बघितले होते ज्योतिष्याने, पण इतक्या प्रेमाने कोणी लावलं नव्हतं. घरी येताना तो दोन थांबे आधीच उतरला आणि चालत राहिला. त्याला त्या दोन बोटं नसलेल्या माणसाचाही राग आला होता, आणि तो राग कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं.

गणितवाली मंगळवारी सामान न्यायला आली. वही, दोन वायरी, एक चष्म्याची डबी. स्टूल तिने आपल्या हाताने कोपऱ्यात ठेवलं. पॅनेलच्या खोलीत दोघंच होती. तो हाताने भट्टी चालवत होता, पूर्वीसारखी, नोंदवही मांडीवर. ती त्याच्या शेजारी उभी राहिली, पडद्याकडे बघत.

“काका, एकच विचारू? रागावू नका.”

“विचार.”

“माझं चुकलं कुठे? मी आठ दिवस तेच करते आहे. सगळं पुन्हा मांडलं, तीनदा. कुठेच चुकत नाही. पातळ पट्टी संपताना दर वेळी तुमच्या हातून काहीतरी व्हायचं, दहा-बारा मिनिटं मला काही जुळायचं नाही. मला वाटलं, तुम्ही दमता, उठून जाता. मला ते सुटलं नाही म्हणून गाळलं. तिथेच काहीतरी होतं का?”

पोरगी उत्तराच्या दारात उभी होती. गणिताने, एकटीने, कोणाच्याही मदतीशिवाय ती पाण्याच्या कूलरपर्यंत आली होती आणि आता फक्त कोणीतरी ‘हो’ म्हणायचं बाकी होतं. त्याला अकराव्या पानावरची ती तिसरी ओळ आठवली, आणि आता तिचा अर्थ कळला. ती शिवी नव्हती, हार पत्करणं होतं. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. हो म्हटलं की तिचं गणित सुटलं, आणि बसल्या जागेचं काम मिळालेला एक माणूस उठला. त्याने चौथ्या भागात सहा अंश उतरवले, जिथे उतरवायची काहीही गरज नव्हती.

“यंत्र म्हटलं की व्हायचंच असं काहीतरी,” तो म्हणाला.

तिने वही पिशवीत ठेवली. “साहेबही हेच म्हणाले. याच शब्दांत.” मग वायरी गुंडाळून पिशवीत टाकल्या. “मी आता शिकवणार आहे. तिथे भट्टी फळ्यावर असते, पुसता येते. येते मी, काका.”

“नीट जा,” तो म्हणाला. दार लागलं. पडद्यावर सहा अंशांचा खड्डा पडलेला दिसत होता; तो त्याने भरून काढला आणि नोंदवहीत तापमान लिहिलं, जे असायला हवं होतं ते.

तेव्हा झालं ते असं. मेहुण्याने दोन बोटं दिली, आणि वर दिल्याचं कळूही दिलं नाही. गणितवालीने तिचं बरोबर आलेलं उत्तर दिलं. ते चूक होतं असं समजून ती ते जन्मभर तपासत राहील. बायकोने विचारणं सोडून दिलं. साहेबांना काही द्यावं लागलं नाही, पण त्यांच्याकडून कोणी अपेक्षाही ठेवली नव्हती. ज्योतिष्याला मात्र खुर्ची मिळाली, तीन वर्षं चार महिने मिळाले, कौतुकाचं पत्र मिळालं, साहेबांचा चेहराही बघायला मिळाला. तो दोनदा, तीनदा खिशात हात घालून उभा राहिला होता, की माझं किती झालं ते सांगा. कोणी घेतलं नाही. राग तेवढा सगळाच्या सगळा त्याच्याकडे शिल्लक राहिला, आणि तो आता त्या खुर्चीतल्या एकाच माणसावर काढता येण्यासारखा होता.